दोन इंच तीन सूत

सौंदडला अमुक वस्तू मिळत नाही, अशी तक्रार करायची सोय आता राहिलेली नाही. नागपूर-रायपूर हमरस्ता गावाला लागून जातो, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी आमच्या स्टेशनावर थांबते, आणि कुरिअरवाला पोरगा भर पावसातही घर विचारत विचारत दारात येतो. पूर्वी एखादी गोष्ट घ्यायची नसली की 'ती नागपूरशिवाय मिळत नाही' एवढं म्हणून विषय संपवता यायचा. आता विषय तिथून सुरू होतो.

आमच्या घरी तो पाळण्यावरून सुरू झाला. लेक पुण्याला नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं ती दिवाळीला आली. सोबत दोन सुटकेसा आणि मोबाइलमध्ये साठवून ठेवलेले तऱ्हेतऱ्हेचे पाळणे. त्यांना 'बेडसाइड क्रिब' म्हणतात. तिन्ही बाजूंनी कठडा, चौथी बाजू उघडी. ती उघडी बाजू आईच्या पलंगाला भिडवायची आणि पट्ट्यांनी घट्ट बांधायची. बाळाची गादी आईच्या गादीच्या पातळीत येते. रात्री आईनं हात लांबवला की बाळ हाताशी, पण आईनं कूस बदलली तरी ते तिच्या अंगाखाली यायचं नाही. जवळही आणि वेगळंही.

बाळाच्या आजीनं चष्मा लावून ते चित्र सगळ्या बाजूंनी पाहिलं. "हा कसा पाळणा म्हनायचा? हा तं हालतच नाई."

"आई, हलायला नकोच आहे. रात्री बाळ सपाट झोपलं पाहिजे."

"आन् तुमाले का आमी चेपून मारलं का? तीन लेकरं कुशीत घेऊन झोपली मी."

या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण प्रश्न विचारणारी आणि न चेपलेली लेक, दोघी समोरच बसलेल्या असतात. मग लेकीनं तिच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं सगळं मांडलं. बाळाला पाठीवर झोपवावं, हा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये दिला, १९९४ पासून तिथे त्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. त्याच संघटनेचं २०२२ सालचं म्हणणं असं की पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर. आणि त्या गादीवर बाळाशिवाय काही नसावं. उशी नाही, गोधडी नाही, लोड नाही, खेळणं नाही.

'काही नसावं' हे ऐकून आजीचा चेहरा पडला. जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, गोधड्या आणि राईची एक छोटी उशी असा सगळा सरंजाम तिनं पावसाळ्यापासून शिवून ठेवला होता. राई म्हणजे मोहरी. मोहरीच्या उशीवर बाळाचं डोकं गोल होतं, अशी आमच्याकडची समजूत आहे. लेकीचं डोकं गोल आहे, तेव्हा पुरावाही घरातच होता.

दुकानदारीची गंमत मला इथेच वाटली. त्या पाळण्यांची किंमत पाच-सहा हजारांपासून सुरू होऊन वीस हजारांच्या पुढे जाते. महागात जावं तसे त्याला कडेचे मऊ लोड, उशी, वर लटकणारे हत्ती आणि चांदण्या मिळतात. म्हणजे डॉक्टर जे काढून टाका म्हणतात, तेच घालण्यासाठी जास्तीचे पैसे. शिवाय बाळ हातापायांवर रेटा देऊन उठायला लागलं, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, की कंपनीच सांगते, आता हा वापरू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. इतक्या लवकर सेवानिवृत्त होणारं पद माझ्या पाहण्यात नाही.

पण खरी अडचण पैशांची नव्हती. पाळणा पलंगाला जोडायचा, तर आधी पलंग ठरायला हवा. आमच्या भागात बाळंतीण बाजेवर झोपते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा असतो, म्हणून दोरीनं विणलेली बाजच हवी, हे आजीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी टेप घेऊन बाजेची उंची मोजायला बसलो. रिकाम्या बाजेची उंची वेगळी आली, लेक बसल्यावर वेगळी, आणि तिची आई समजूत घालायला शेजारी येऊन बसली तेव्हा आणखी वेगळी. दोरीची वीण मधे खोल जाते. आई खड्ड्यात आणि बाळ काठावर, असा देखावा होणार. कंपनीच्या पाळण्याला उंची कमी-जास्त करायच्या पायऱ्या असतात, पण त्या पलंगासाठी. वजनाप्रमाणे रोज खाली-वर होणाऱ्या बाजेचा विचार त्या कारखान्यात कोणी केलेला नाही.

शेगडीचा प्रश्न गावच्या आशा स्वयंसेविकेनं, आमच्या आशाताईंनी, सोडवला. त्या सहज चौकशीला आल्या होत्या. धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो, हे त्यांनी अशा गोडीनं सांगितलं की आजीला ते स्वतःचंच मत वाटलं. शेगडी गेली, तिच्याबरोबर बाजेचा हट्टही गेला. उरला आमचा सागवानी पलंग, लग्नातला. त्याच्यावर कापसाची गादी. कापसाच्या गादीची उंची मोजताना ती हातानं दाबून मोजावी लागते, आणि पिंजाऱ्याकडून आल्या आल्या मोजली तर माप चुकतं, महिनाभरात ती बसते. दोन गाद्यांच्या मधे फट राहिली की बाळ तिथे अडकायची भीती, आणि बाळाची गादी वर नि आईची खाली झाली तर ते घरंगळायची. या प्रकारच्या पाळण्यात सगळी अक्कल या एका सांध्यात आहे. बाकी सगळी सजावट.

मोबाइलमधला कुठलाच पाळणा आमच्या पलंगाच्या उंचीला बसेना. शिवाय आजीची एक अट होती: बाळ घरात येईपर्यंत पाळणा घरात यायचा नाही. जन्माआधी तयारी दाखवू नये, ही आपल्याकडची जुनी सावधगिरी. पार्सल तर मुहूर्त पाळत नाही, ते त्याच्या सोयीनं येतं. तेव्हा तोड निघाली वाढईची, म्हणजे सुताराची. पाळणा त्यानं करावा आणि त्याच्याच अंगणात राहू द्यावा. तयारी झाली, आणि दाखवलीही नाही.

वाढई आला. मी कागदावर आकृती काढून दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. "गुरुजी, एक बाजू राहून गेली जी."

"नाही रे, तीनच बाजू आहेत."

"पैसे कमी पडत असले तं चौथी फुकट लावून देतो. पन अधुरं काम माझ्या हातानं नको."

त्याला चौथ्या बाजूचं रहस्य समजावून सांगितलं. मग लेकीनं तिचं मुख्य माप सांगितलं: कठड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. वाढईनं डोकं खाजवलं. सेंटिमीटर त्याच्या कामाचा नाही. मी मोबाइलमध्ये मूळ अमेरिकन नियम शोधून वाचला. १९७३ सालचा आहे तो: दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. बाळाचं अंग पट्ट्यांमधून घसरून डोकं अडकू नये म्हणून हे अंतर बांधून दिलेलं. मी अष्टमांशाचा हिशेब समजावायला लागणार, तेवढ्यात वाढई म्हणाला, "म्हंजे दोन इंच तीन सूत. तसं सरळ सांगा ना जी."

इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, आमच्या प्रत्येक वाढईच्या टेपवर आणि तोंडात आहे. वॉशिंग्टनचा नियम सौंदडच्या वाढईला लेकीपेक्षा लवकर कळला. त्यानं लगेच दोन इंच तीन सुताचा लाकडी ठोकळा कापला आणि पट्ट्या ठोकताना तोच ठोकळा मधे धरून चालला. टेप पुन्हा काढलीच नाही.

लाकूड कुठलं, यावर त्याचं मत पक्कं होतं. सागवान टिकतं, पण जड. पाच-सहा महिन्यांच्या वस्तूला कशाला? पाळण्याला शिवण चांगली. वजनाला हलकी, वाकत-तडकत नाही, रंधा मारला की अंगाला गुळगुळीत. आमचा गोंदिया जिल्हा जंगलाचा, लाकडाबद्दल बोलायला लागला की माणूस ऐकत राहतो. वार्निश त्यानं स्वतःच नको म्हटलं: लेकरू काठ चाटते, वास डोक्यात जाते.

फक्त एके ठिकाणी लेकीचं नि त्याचं जरा वाजलं. तिला वाटत होतं, चौथी बाजू अगदीच नसण्यापेक्षा खाली-वर सरकणारी असावी, दिवसा लावून टाकता येईल. मग तिचं तिलाच आठवलं की अमेरिकेत जून २०११ पासून सरकत्या बाजूचे पाळणे विकायला बंदी आहे. खिळे-खाचा सैल होऊन बाजू सुटायची आणि फटीत बाळं अडकायची. ती हे मोठ्या गांभीर्यानं सांगत होती. वाढई म्हणाला, "सरकनारा भाग सगळ्यात पयले बिघडते, ताई. त्याच्यासाठी अमेरिका कायले लागते?" पलंगाच्या पाटीला पाळणा पट्ट्यांऐवजी चार बोल्टांनी आवळायची कल्पना त्याचीच. पुढे जोडल्यावर हलवून पाहिलं तर पलंग हलत होता, सांधा नाही.

इकडे आजी गप्प बसलेली नव्हती. तिचा मुद्दा असा की हे सगळं आपल्याकडे होतंच. बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा सुपात ठेवत. बुरडानं विणलेलं बांबूचं सूप: तळ घट्ट, काठ ठेंगणे, आत एक फडकं आणि बाळ. मी विचार केला, आणि तिचं खरंच आहे. फिनलंड देशात १९३८ पासून आयांना सरकारतर्फे बाळाच्या कपड्यांनी भरलेली पुठ्ठ्याची पेटी देतात; आधी ती गरिबांना होती, १९४९ पासून सगळ्यांना. कपडे काढून घेतले की पेटीच्या तळाला छोटी गादी उरते, आणि पेटी हाच बाळाचा पहिला बिछाना. आपल्या राज्यातही सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळासाठी किट द्यायची योजना निघाली, तीत छोटी गादी आणि मच्छरदाणी होती. म्हणजे सरकारं फिरून फिरून सुपापाशीच आली. आजीला फिनलंडचं सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "शिकले असन कोनाकडून," ती म्हणाली.

झोळीबद्दल मात्र मी तिच्या बाजूनं सरसकट बोलणार नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून आत लेकरू, आणि आई बांधीत पऱ्हे रोवते आहे, हे आमच्या धानाच्या मुलखात आजही दिसतं. त्या झोळीत मोठा शहाणपणा आहे. खाली चिखल, मुंग्या, विंचू, साप. वर टांगलेलं लेकरू यातल्या कशाच्याच वाटेत नाही. कुडाच्या घरात आढ्याला झोळी बांधायचं कारणही तेच. पण झोळीत बाळ वाकडं होऊन बसतं, हनुवटी छातीला टेकते, आणि मान न सावरणाऱ्या बाळाचा श्वास तिथेच कोंडू शकतो. हे फक्त आपल्या झोळीचं नाही. अमेरिकेत तिरक्या पाठीचे झोपाळे बाळांसाठी लाखोंनी खपले. बाळं दगावल्यानंतर त्यांतलाच एक प्रसिद्ध झोपाळा एप्रिल २०१९ मध्ये परत मागवला, सुमारे ४७ लाख नग. २०२२ मध्ये त्यांनी कायदाच केला, की दहा अंशांहून तिरकी झोपायची वस्तू बाळांसाठी विकायची नाही. आमच्या रोवणीवाल्या बाईजवळ निदान पर्याय नव्हता, आणि तिचं अर्धं लक्ष सतत झाडाकडे होतं. पैसे मोजून तिरकं झोपवणाऱ्यांना दोन्ही सबबी नाहीत.

बाळ आलं, नातू. आल्यावर कळलं की पाळण्याची निवड ही बाळासाठी नसतेच, बाळाच्या आईच्या झोपेसाठी असते. आमच्या नातवाचा प्रयोग झाडीपट्टीच्या नाटकासारखा रात्री दहानंतर रंगात यायचा आणि पहाटे संपायचा. एका रात्रीत कितीदा तरी दूध. त्यात दर वेळी पलंगावरून उठा, दुसरीकडे जा, वाका, उचला, पुन्हा ठेवा, हे टाके पडलेल्या बाळंतिणीला करायला लावणं म्हणजे शिक्षा. तीन बाजूंच्या पाळण्यानं ही शिक्षा माफ केली. ती कुशीवर वळायची, त्याला ओढून घ्यायची, पाजायची, परत सरकवायची. आणि पाजता पाजता डोळा लागतोय असं वाटलं तर हाताच्या अंतरावर परत ठेवायला जागा होती. आजी दोन-तीन रात्री लक्ष ठेवून होती. मग एका सकाळी माझ्याजवळ म्हणाली, "अजी, आमच्या टायमाले कोनी असं केलं नाई." त्यात तक्रार होती ती पाळण्याबद्दल नव्हती, आणि मी चहा ढवळत राहिलो.

डास हा स्वतंत्र विषय आहे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा जिल्हा; डास नाहीत असा महिना शोधावा लागतो. कंपनीच्या पाळण्यांना स्वतःची चेन लावायची मच्छरदाणी असते, पण ती लावली की आई एका बाजूला आणि बाळ दुसऱ्या, मग उघड्या चौथ्या बाजूचा उपयोग काय? आम्ही मोठ्या पलंगाची मच्छरदाणी चार बांबूंवर चढवून पलंग आणि पाळणा दोन्ही एकत्र झाकले. थंडीही आमच्याकडची विदर्भात नावाजलेली. गोधडी आत घालायची नाही म्हटल्यावर बाळाला कपड्यांचे थर चढवले, आणि आजीच्या दुपट्यात गुंडाळायला डॉक्टरांची ना नव्हती. पाठीवर झोपव आणि कुशीवर वळायला लागला की गुंडाळणं बंद कर, एवढंच. तिची सगळी नाही तरी निम्मी शिलाई कामी आली.

आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळ शांत असताना घड्याळ लावून त्याचा श्वास मोजायच्या, मिनिटाला साठ किंवा जास्त भरला तर दवाखाना. मग पिशवीतून कापडी झोळी आणि लटकवायचा काटा काढून वजन. झोळीला आमच्या घरात मानाचं स्थान मिळालं ते याच वेळी, मिनिटभरापुरतं. घरी येऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं उभी केली. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मग देशभरच्या आशाताई त्या वाटेनं गेल्या. पाळणा कुठला घ्यावा याच्यावर आम्ही जेवढी डोकी खाजवली, त्याच्या निम्मी जरी गावोगावच्या आशाताईंच्या मानधनावर कोणी खाजवली तर बरं होईल.

राहता राहिला बारशाचा पाळणा. तो हलणाराच पाहिजे, यावर घरात एकमत होतं. आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा आजीनं गवंड्याकडून मधल्या खोलीत दोन कड्या ठेवून घेतल्या होत्या. मला वाटलं होतं बंगईसाठी. तिचा हिशेब लांबचा होता. नात्यातला जुना सागवानी पाळणा आणून तिथे टांगला. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं, म्हणून टांगल्यापासून त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं-अंगडं घालून त्यात निजवलं, मग बाळाला. इतकी वर्षं मी हा नुसता विधी समजत आलो होतो. त्या दिवशी वाढई हळूच मला म्हणाला, "वजनाची चाचनी हाय जी ही. दगड तोलला तं लेकरू तोलन." पुण्याहून आलेल्या आत्यानं कानात कुर्र केलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. मोहरीची उशी त्या संध्याकाळी उसवली. त्यातल्या मोहरीनं दृष्ट काढली. उशी गेली आणि मोहरी वायाही गेली नाही, दोन्ही पक्ष जिंकले.

आता नातू हातांवर उठतो, चारी दिशांना बघतो. लेक त्याला घेऊन पुण्याला गेली. बोल्ट काढून पाळणा मी भिंतीला उभा करून ठेवला आहे. सौंदड, सडक अर्जुनी, साकोली भागात कोणाच्या घरी बाळ येणार असेल तर खुशाल घेऊन जा. पैसे नकोत, काम झालं की परत आणून द्या. येताना फक्त पलंगाची उंची मोजून आणा, गादी हातानं दाबून. कमी-जास्त असली तर पाय कापून किंवा ठोकळे लावून द्यायला वाढई तयार आहे. उशी मागू नका, ती मिळणार नाही.